शरयू गेली

प्रमिलाबाई दामल्यांनी पुण्याच्या एका महिला महाविद्यालयात जन्मभर रोमचा इतिहास शिकवला आणि रोम काही कधी पाहिलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "परीक्षा पुण्यात होते, मग रोमला जाऊन करायचंय काय?" सूर्यकांतराव गेले, घर अंगावर यायला लागलं, तेव्हा मुलगा निखिल त्यांना दुबईला घेऊन आला. मरीनातल्या उंच इमारतीत इतक्या वरचा मजला, की खालच्या पांढऱ्याशुभ्र बोटी शेंगांच्या टरफलांएवढ्या दिसत. बाई खिडकीशी बसून त्या पाहत आणि कंटाळत. सुख बोचतं म्हणतात, ते हेच.

अशात एके संध्याकाळी नात इरा कार्डशीट, कात्री, गोंद असा सगळा पसारा घेऊन समोर येऊन बसली. वय बारा, मराठी समजतं सगळं, तोंडातून येतं इंग्रजी.

"आजी, हेल्प मी. वन नोबल फॅमिली ऑफ रोम, फॅमिली ट्री. अँड इट हॅज टु लुक प्रिटी."

बाईंना वर्षभरात एवढा आनंद झाला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि अंतोनियसांचं घराणं काढायला घेतलं. आजोबा, मुलगे, कोण कुठल्या साली काय झाला, कुणी कुणाला दत्तक घेतलं, कुणी कुणाला मारलं, सगळं तोंडपाठ. इरा नावं कापून चिकटवत होती. चिकटवता चिकटवता थांबली.

"आजी, यू मेड अ मिस्टेक. अंतोनिया इज हिअर ट्वाइस."

"चूक नाही गं. दोघी बहिणी आहेत. थोरली अंतोनिया आणि धाकटी अंतोनिया. बापाचं घराणं अंतोनियस, म्हणून मुली अंतोनिया. आणखी चार झाल्या असत्या तर त्याही अंतोनियाच."

"बट देअर रिअल नेम्स?"

"हेच."

आणि मग बाईंची गाडी अशी काही सुटली, की थांबवणं कठीण. रोमचे इतिहासकार म्हणजे बहुतेक सगळे बडे लोक. कुठला सरदार कुणाचा नातू, कुणाच्या पणजोबाने कुठली लढाई मारली, हे त्यांना झोपेत विचारावं. पण या दोन बहिणींपाशी त्यांच्यातला एक थोर इतिहासकार सपशेल घसरला. थोरलीचा नवरा त्याने उचलला आणि धाकटीच्या संसारात नेऊन ठेवला. दुसऱ्या एकाने बरोबर लिहिलं म्हणून बरं, नाही तर बिचाऱ्या थोरलीचा संसारच धाकटीच्या नावावर जमा झाला असता. यावर बाईंनी तरुणपणी एक निबंध लिहिला होता. तो वाचणाऱ्यांत छापखान्यातला मुद्रितशोधक धरला तरी हाताची बोटं पुरली असती.

"दॅट्स सो मीन," इरा म्हणाली. "दे टुक देअर नेम्स अवे."

"घेतली नाहीत गं. दिलीच नाहीत."

"ॲट लीस्ट यू हॅव युअर ओन नेम, आजी."

यावर हसून सोडून द्यायला हवं होतं. बाई हसल्याही. पण मग तोंडातून निघून गेलं, "प्रमिला हे माझं नाव नाही."

इराची कात्री हातातच राहिली. मग बाईंना सगळं सांगावं लागलं. लग्नात ताटभर तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो, त्या घटकेपासून बाई त्या नावाची होते. आडनाव बदलतं ते जगभर बदलतं. आमच्याकडे नावसुद्धा बदलायचे.

"सो डॅड डझन्ट नो हिज ओन मॉम्स नेम?"

निखिल जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कुठल्याशा मीटिंगमध्ये होता. त्याने म्यूट केलं. "अरे, आय नो, आय नो. काय बरं... शैलजा. नाही, शारदा? आई, तू सांगितलंयस, पण आत्ता क्लिक होत नाहीये."

"शरयू," बाई म्हणाल्या.

"शॅरायू," इरा म्हणाली. "प्रिटी!"

रात्रभर बाईंना काही ते सोसलं नाही. पोरीने प्रेमानेच म्हटलं होतं. पण ते नाव ऐकून आत काही हललं नाही, आणि मग काय हलायला हवं होतं ते आठवत बसल्या. सूर्यकांतरावांबद्दल तक्रार नव्हती. ते 'प्रमिला' अशी हाक मारत, तेव्हा भांडण अर्धं मिटायचं. पण त्याआधी तेवीस वर्षं जी कुणी होती, तिला हाक मारणारे आई, वडील, भाऊ असे एक-एक करून सगळे गेले होते. आणि आपलं नाव आपल्याला हाक मारायला उपयोगी पडत नाही. बाईंना एकदा, मरायच्या आधी एकदाच, कुणी तरी त्या नावाने बोलवायला हवं होतं. ज्याला ती शरयू माहीत होती, अशा कुणी.

असं माणूस जगात एकच उरलं होतं, असलं तर. जैनब.

शरयूचे वडील लिमये हर्णैला पोस्टमास्तर, जैनबचे वडील नूरुद्दीन नाखवा, बंदरात दोन गलबतांचे मालक. या दोघी शाळेत एका बाकावर, सुटीत एका भिंतीवर, एकीला गोवर आला की आठवड्यात दुसरीला. पुढे जैनबचं लग्न झालं, नवरा गनी गल्फमध्ये गेला, मागोमाग तीही गेली. शरयू शिकायला पुण्याला. पत्रं आधी वरचेवर, मग सणासुदीला, मग बंद. कुणाचं काही चुकलं नाही, ती अशीच बंद होतात.

सकाळी बाईंनी निखिलला सांगितलं. तो टाय बांधत होता. "आमच्या अकाउंट्समध्ये फिरदोस आहे ना, ती दापोली साइडची. तिला पिंग करतो. पण आई, इतक्या वर्षांनी... डोन्ट कीप युअर होप्स टू हाय, हां."

त्याला कोकणी मुसलमानांची गल्फमधली नातीगोती ठाऊक नव्हती. कोण कुणाच्या मावसदिराचा जावई, हे ही मंडळी रोमच्या इतिहासकारांइतक्याच हौसेने लक्षात ठेवतात, आणि बायकांची नावं विसरत नाहीत. दोन दिवसांत फिरदोसचा फोन आला.

"आंटी, मिळाल्या! जैनब खाला. गनीचाचांचं अल क्वोजला गॅरेज होतं, चाचा वारले आणि ते काम खलास झालं. खाला आता उम्म अल कुवैनला असतात, मुलगा अर्शभाईकडे. शनिवारी या म्हणतात. कोण येतंय म्हणून सांगू?"

बाई म्हणाल्या, "सांग, हर्णैकडची एक बाई आहे. प्रमिला दामले."

"आई, व्हाय धिस सस्पेन्स?" निखिल म्हणाला.

बाईंनी फोन ठेवून दिला. सांगून, आठवण करून देऊन हाक मारून घ्यायची, तर इरा काय वाईट होती? जैनबने दार उघडावं, तोंडाकडे बघावं आणि तिच्याच तोंडून नाव निघावं. सत्तरीच्या बाईने असा हट्ट धरणं हा शुद्ध पोरकटपणा होता, आणि बाईंना तो पुरेपूर कळत होता.

शनिवारी बाईंनी अंजिरी रंगाची साडी काढली, वाटेत पेढे घेतले. "चाळीस दिरहम! म्हणजे नऊशेवर रुपये, निखिल!" शारजाची गर्दी मागे पडली, मग नुसती वाळू, खांब, मधूनच उंट. उम्म अल कुवैनला शिरल्यावर बाईंनी खिडकीची काच खाली केली.

"आई, एसी चालू आहे."

"असू दे."

ओहोटीच्या खाडीचा वास येत होता, चिखलाचा, मिठाचा, थोडा मासळीचा. इराने नाक दाबलं. बाईंनी ओढून घेता येईल तेवढा आत ओढला.

बैठं पिवळट घर, दारात चपलांचा ढीग. दार उघडलं ते एका ठेंगण्या, गोलमटोल बाईने. डोक्यावरून ओढणी, जाड भिंगांचा चष्मा. पण हनुवटी तीच. बाईंनी दारातच ओळखली.

जैनबने त्यांच्याकडे नीट, चष्मा सावरून पाहिलं आणि आल्यागेल्या सगळ्यांसाठी असतं तसं गोड हसली. "या, या प्रमिलाबाई. बसा. सायरा, यल्ला, सुलेमानी चहा ठेव! कोकणातलं माणूस आलंय."

बाईंनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. तोंडातून "कशा आहात?" निघालं.

अर्श निखिलला आणि इराला बोटी दाखवायला समुद्रावर घेऊन गेला. घरात जैनब, तिची सून सायरा आणि बाई. चहा आला, खजूर आले, सांदणं आली. गुडघे, रक्तदाब, मुलांच्या नोकऱ्या, सगळं झालं. बाईंनी हळूच दीपगृहाचा विषय काढला, शाळेचा काढला. जैनब हो हो म्हणत होती, सांदणं वाढत होती आणि 'तुम्ही'वरून तसूभर हलत नव्हती.

"हर्णैत कुठं म्हणालात तुम्ही?"

"पोस्टाजवळ."

"पोस्टाजवळ?" जैनबने बशी खाली ठेवली. "मग तुम्हाला लिमये पोस्टमास्तर माहीत असतील. त्यांची शरयू?"

आता बोलायचं होतं. एवढ्यासाठी तर आल्या होत्या. पण ते नाव त्या तोंडून, त्या 'श'च्या त्या ओढीसकट आलं. आणखी एकदा ऐकावंसं वाटलं. तोंडातून भलतंच गेलं, "ऐकून माहीत आहे."

"मग तुम्ही काहीच ऐकलं नाही," जैनब म्हणाली आणि मांडी घालून बसली. "सायरा, तूपण बस. अगं, अख्ख्या हर्णैत तशी पोरगी नव्हती. सुवर्णदुर्ग माहीताय ना, समुद्रातला? शरयू पोहत गेली होती किल्ल्यापर्यंत. नाखवे लोक बघत राहिले."

शरयूला पोहता येत नव्हतं. नूरुद्दीनभाईंच्या होडीतून गेली होती, अर्ध्या वाटेवर तिला ओकारी झाली होती आणि परतताना ती जैनबचा हात धरून रडली होती.

"बोर्डात आली होती ती. पेपरात फोटो."

गणितात काठावर. फोटो वगैरे काही नाही.

बाई दरवर्षी वर्गात सांगत: रोममध्ये बड्या घराण्यातलं कुणी गेलं की पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घालून माणसं अंत्ययात्रेत चालत, आणि मुलगा चौथऱ्यावर चढून गेलेल्याचं गुणगान करी. एका इतिहासकाराने वैतागून लिहून ठेवलंय, की या भाषणांनी आमच्या इतिहासाची वाट लावली. न मिळालेले विजय, न मिळालेली पदं, सगळं आत घुसडलंय. इथे मुली हसत, बाईही हसत. आज स्वतःच्याच मुखवट्यासमोर बसून स्वतःवरचं भाषण ऐकायची पाळी आली होती. आणि खरं सांगायचं तर, बाईंना ते अतोनात आवडत होतं. ती पोहणारी शरयू आपण असतो तर किती छान झालं असतं, असं वाटत होतं.

"मग आता कुठे असते ती?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांना ओळखू आला नाही.

"ती?" जैनबने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती गेली हो. ऐन जवानीत. तिची पत्रं यायची बंद झाली होती. माझा भाऊ सुटीत गावी गेला होता, त्याला म्हटलं, शरयूचा पत्ता आण. घरात तिचे काका होते. त्याने विचारलं, शरयू कुठाय? काका म्हणाले, शरयू गेली. एवढंच. पुढे एक शब्द नाही. माझा भाऊ तसाच परत आला, मयताच्या घरात जास्त काय विचारायचं?"

नानाकाका! बाईंना ते डोळ्यांसमोर दिसले. बोलायला पैसे पडतात असं वाटणारा माणूस. शरयू गेली. सासरी गेली, पुण्याला गेली, प्रमिला झाली. एवढं सगळं त्याने एका शब्दात उरकलं, आणि भाऊही असा की त्याने 'कुठे' विचारलं नाही. मराठीत 'गेली' म्हटल्यावर कोण विचारतं?

"मला पटलं नव्हतं," जैनब सांगत होती. "नंतर माझ्या थोरल्या मुलाने, तहाने, कंप्यूटरवर शोधलं. शरयू लिमये, पुणे. तऱ्हेतऱ्हेने शोधलं. कुठ्ठे नाव नाही. जिती असती तर नाव सापडलं नसतं का? तेव्हा मी मानलं. आठ दिवस जेवण गेलं नाही मला. गनी म्हणायचे, जैनू, बहीण पण नव्हती ती तुझी. मी म्हटलं, बहीण असती तर एवढं रडले नसते."

सायराने डोळे पुसले. बाईंनी मान खाली घातली. आता बोलणं आणखीच अवघड होऊन बसलं होतं. ही एवढी सुंदर, धाडसी, तरुणपणी मेलेली मुलगी काढून घ्यायची आणि तिच्या जागी काय ठेवायचं? गुडघेदुखीवाली, गणितात काठावर पास झालेली म्हातारी? निखिल येईल, उठायचं, पेढे दिलेच आहेत, घरी जायचं. नाव तर ऐकून झालं. बाईंनी खरोखर असं ठरवलं.

"आणि सगळ्यात मोठं काय केलं सांगू तिने?" जैनब म्हणाली. "आठवीत अब्बांनी माझी शाळा बंद केली. पोरगी मोठी झाली, बस. तर ही शरयू, एवढीशी पोर, एकटी आमच्या घरी आली, माझ्या अब्बांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, नूरभाई, जैनब शाळेत येणार. अब्बांसमोर आमचे चाचे बोलत नव्हते! दुसऱ्या दिवशी मी शाळेत. मी आज चार अक्षरं वाचते, ती शरयूची मेहेरबानी."

"नाही," बाई म्हणाल्या.

जैनब थांबली.

पोहणं त्यांनी सोडून दिलं होतं. बोर्डाचा नंबरही पदरात घेतला होता. पण हे घेता येईना. हे दुसऱ्या कुणाचं होतं, आणि जिचं होतं तिला हर्णैत पोस्टमास्तरांची बायको याखेरीज नावसुद्धा नव्हतं. जन्मभर जिने एका अंतोनियाचा संसार दुसरीच्या नावावरून सोडवला, तिने आपल्या आईचं एवढं एक काम आपल्या नावावर लावून घ्यायचं?

"ती शरयू नव्हती," त्या म्हणाल्या. "तिची आई होती. इंदिरा. इंदिरा लिमये. पिठाच्या हातांनी तशीच उठून आली होती ती. तुमच्या मोहल्ल्यात त्याआधी कधी आली नव्हती. म्हणाली, नूरभाई, जैनब नसेल तर माझी मुलगी कुणाशेजारी बसेल? शरयू दाराआड उभी होती, भीतीने थरथरत. एक शब्द बोलली नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू माजघरात रडत होतीस, जैनब. तुला तुझी लिमयेकाकू दिसलीच नाही. बातमी सांगायला मी धावत आत आले, म्हणून तुला वाटलं मीच सगळं केलं."

सायरा एकदा सासूकडे, एकदा पाहुणीकडे बघत होती. जैनबने चष्मा काढला. ओढणीने पुसला. परत घातला. मग उठली, गुडघ्यांवर हात देत, बाईंच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही तळहातांत त्यांचं तोंड धरून उजेडाकडे वळवलं.

"कोण तू?"

बाईंनी तोंड उघडलं. नाव आलं नाही. जे ऐकायला एवढ्या लांब आल्या होत्या ते नाव सांगायला जीभच वळेना.

"शरे," जैनब म्हणाली.

मग दुसऱ्यांदा, जोरात, अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी, "शरे!" आणि एक धपाटा दिला पाठीत, चांगला सणसणीत. "मेलीस ना तू? मेली होतीस ना? कुठे होतीस मग?"

"पुण्यात. प्रमिला म्हणून."

"तुझ्या प्रमिलाला लागो आग! तासभर मी तिला सांदणं वाढतेय!"

दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता त्याचं रडणं कधी झालं ते सायरालाही कळलं नाही. ती पाणी आणायला म्हणून आत गेली ती आतच थांबली.

जैनबने शेजारी बसून हात घट्ट धरून ठेवला होता. मग रागावल्यासारखी म्हणाली, "एकदा रडून झालं होतं माझं तुझ्यासाठी. सगळं संपवलं होतं. आता खरीखुरी जाशील तेव्हा परत रडावं लागणार मला."

"नाही तर मला," शरयू म्हणाली.